सुखाची त्सुकुबा शाखा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इटलीतील प्रबोधनकालीन सुखविचाराची त्सुकुबा (जपान) शाखा, तिच्या संस्थापिका, अध्यक्षा, मुख्य वक्त्या आणि पुष्कळदा एकमेव श्रोत्या सौ. सुमेधा यांच्या निधनामुळे बेमुदत बंद झाली आहे. शाखेची स्थावर-जंगम मालमत्ता अशी : हिंगाची एक पितळी डबी, फोडणीचं एक काळंकुट्ट कढलं, कुठल्याशा हॉटेलातून उचललेली एक शॉवर कॅप आणि एक नवरा. पैकी नवऱ्याची अवस्था नाजूक आहे. जनतेने कृपया नोंद घ्यावी.

ही नोटीस मी माझ्या मनाने लिहिलेली नाही. सुमेधाचाच हुकूम होता तो. "माझ्यावर लिहायची वेळ आली तर रडगाणं नको हं नाटक्या," ती म्हणाली होती, "सरकारी नोटीस लिही. लोक निदान शेवटपर्यंत वाचतील." तेव्हा तिच्या नाकात नळी होती आणि मी खुर्चीवर बसून तिला हसवायचा ठेका घेतल्यासारखा बडबडत होतो. आता नोटीस लिहून झाली. पुढे काय लिहायचं ते मला खरंच कळत नाही…

बातमी आली तेव्हा मी टोकियोत, ऑफिसला जाणाऱ्या गाडीत होतो. खिशात फोन थरथरला. इथे गाडीत कुणी फोनवर बोलत नाही, जग बुडालं तरी नाही. पडद्यावर सुमेधाच्या नवऱ्याचं, माधवरावांचं नाव होतं आणि माधवराव कधी आपणहून फोन करत नाहीत. पुढचं स्टेशन येईपर्यंत मी ते नाव नुसतं बघत उभा राहिलो. कुठलं स्टेशन होतं तेही आठवत नाही. उतरलो आणि उलटा फोन लावला. "सुमेधा गेली," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "हॉस्पिटलातून घरी आलो होतो. आज जळणारा कचरा उचलायचा दिवस आहे. तो टाकला. मग म्हटलं, तुला कळवावं." त्यांचा आवाज एखाद्या यंत्राचं तापमान सांगावं तसा होता. माझ्यामागे माणसं खुणांवर दोन-दोनच्या रांगा करून उभी होती आणि मला तिथे आरडाओरडा करायचा होता. मी फक्त प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रातून कॉफीचा एक डबा काढला. फेब्रुवारीची थंडी होती. डबा गरम होता, बोटांना बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचा मला भयंकर राग आला. सुमेधा असती तर टाळी वाजवून म्हणाली असती, "बघ! हाच तर माझा मुद्दा आहे!"

तो मुद्दा तिला सापडला पुण्यात, कॉलेजात. आम्ही दोघं तत्त्वज्ञानाच्या वर्गात एका बाकाच्या दोन टोकांना बसायचो. मी एकांकिकांच्या तालमी सांभाळून उरलेल्या वेळात विद्यार्थी होतो, ती पूर्ण वेळ उपद्रवी. आमचे सर निग्रह, संयम, इंद्रियजय असं महिनाभर शिकवत होते. एके दिवशी ती उठून उभी राहिली. "सर, पाची इंद्रियं चोर असतील तर देवानं घराची किल्ली त्यांच्याच हातात का दिली?" सर म्हणाले, खाली बसा. ती बसली, पण त्या दिवसापासून ती चोरांच्या बाजूची वकील झाली.

पुढे लग्न झालं, माधवरावांना त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत नोकरी मिळाली आणि ती त्यांच्याबरोबर इथे आली. माधवराव आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, धातूंना तडे कसे जातात याचे अभ्यासक. मीही काही वर्षांनी बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम घेऊन टोकियोत येऊन पडलो. रविवारी जलद गाडीने त्सुकुबा गाठायचं, सुमेधाकडे जेवायचं आणि तिच्याशी भांडून परतायचं, हा माझा जपानातला एकमेव धर्म. सुरुवातीला ती बेंतोच्या, म्हणजे जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात बाइतो करायची, अर्धवेळ काम. तिथेच ती जपानी शिकली आणि ते पुरेसं झाल्यावर सायकलवरून थेट विद्यापीठात जाऊन एका वृद्ध प्राध्यापकांपुढे उभी राहिली. ते युरोपच्या प्रबोधनकाळाचे जाणकार. पुण्याची बाई जपानी भाषेतून इटलीच्या सुखाचा अभ्यास करणार म्हटल्यावर त्यांनी म्हणे आधी चहा मागवला.

तिला काय सापडलं होतं ते तिच्याइतकं झकास मला सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. शतकानुशतकं युरोपात सुखाकडे संशयानं बघत आले होते. देहाला बरं वाटलं की आत्म्याचं काहीतरी बिनसलं, असा हिशेब. पंधराव्या शतकाच्या आसपास इटलीत काही धीट माणसं निघाली. त्यांनी सुखाला चव्हाट्यावर आणलं आणि त्याची रीतसर सुनावणी केली. एक जण म्हणायचा, सद्गुण हाच खरा ठेवा, बाकी मोह. दुसरा म्हणायचा, सद्गुणी माणूससुद्धा सद्गुणातून काहीतरी बरं वाटतं म्हणूनच सद्गुणी असतो, मग कबूल करायला लाज कसली? तिसरा म्हणायचा, सुख खरंच, पण सगळ्यात मोठं सुख स्वर्गात आहे, इथलं म्हणजे त्याची नुसती चुणूक. सुमेधाचा लाडका मात्र चौथाच होता, एक वैद्य-तत्त्वज्ञ. पुस्तकांवर वाकून वाकून उदास झालेल्या पंडितांना तो पथ्य सांगायचा : हिरवळीत फिरा, उन्हात बसा, वाद्य वाजवा, चांगला वास घ्या. त्याचं म्हणणं होतं की देह आणि आत्मा यांच्यामध्ये वाफेसारखं तलम काहीतरी असतं, आपल्या प्राणासारखं, आणि ते अन्नापेक्षा वासावर जास्त पोसतं. "आणि गंमत माहितीये?" सुमेधा कांदा चिरता चिरता म्हणायची, "हा माणूस स्वतः जन्माचा उदास! सतत आजारी. हौस म्हणून नव्हता लिहीत तो. बुडणारा माणूस दोर शोधतो ना, तसा शोधत होता."

तेव्हा हे वाक्य मी भजी खात ऐकलं आणि सोडून दिलं.

एका गणेशोत्सवात तिने आम्हा मराठी मंडळींसमोर ही सुनावणी नाटक म्हणून बसवली. सभागृह नगरपालिकेचं, गणपती कागदी लगद्याचा, कारण विसर्जन म्हणजे बादलीत. सुखवादी अर्थातच मी, हातात मोदकांचं ताट घेऊन. स्वर्गवाली ती स्वतः. आणि सद्गुणवादी म्हणून तिने माधवरावांना उभं केलं. त्यांना अभिनय करायचाच नव्हता. मी प्रत्येक युक्तिवादाबरोबर एक मोदक खात होतो आणि ऐन समारोपाला माझं तोंड इतकं भरलं की सुखाच्या बाजूचा शेवटचा मुद्दा कुणालाच कळला नाही. न्यायाधीश म्हणून बसवलेल्या आजोबांनी माधवरावांना विचारलं, "अहो, पण तुम्हाला स्वतःला काय हवं?" हे संहितेत नव्हतं. माधवराव गोंधळले आणि घरी रोज म्हणतात ते वाक्य म्हणून गेले : "मला काहीही चालतं." सभागृह हशाने कोसळलं. बायका डोळे पुसत होत्या, कारण प्रत्येकीच्या घरी हे वाक्य होतं. सुमेधाही हसली, पण गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "जगातलं सगळ्यात निष्ठुर वाक्य आहे ते. आज काय करू? काहीही चालतं. कसं झालंय? चांगलं आहे. अरे, एवढ्या वर्षांत त्या माणसानं एकदा मीठ मागितलेलं नाही! मी सुखावर प्रबंध लिहितेय आणि माझ्या घरात माझ्या हातच्या आमटीला मत नाही!" पुढे गाडी चालवणारे माधवराव म्हणाले, "आमटी चांगलीच असते." तिने कपाळावर हात मारला.

त्या स्वयंपाकघरात माधवरावांना एकच काम होतं. जपानी घरात छताला धुराचा भोंगा असतो आणि आपली फोडणी म्हणजे त्याच्या लेखी अग्निप्रलय. जरा मोहरी तडतडली, हिंग फुलला की तो बाईच्या आवाजात ओरडायला लागतो, "काजी देस! काजी देस!" आग लागली, आग लागली. इथल्या आपल्या बायकांनी त्यावर शोधलेला तोडगा म्हणजे शॉवर कॅप. फोडणीआधी भोंग्याला टोपी घालायची, वास निवला की काढायची. सुमेधाचा हात पुरायचा नाही, माधवराव उंच. तेल तापलं की ती ओरडायची, "माधव, टोपी!" मग ते पेपर बाजूला ठेवून यायचे, हात वर करून भोंग्याला टोपी चढवायचे आणि फोडणी होईपर्यंत तिच्या मागे तसेच उभे राहायचे. मग टोपी काढून, घडी घालून पुन्हा पेपर. मी हे इतक्या रविवारी पाहिलं की ते पाहणंच सोडून दिलं होतं.

गेल्या वर्षी तिला गिळताना त्रास व्हायला लागला. अन्ननलिकेच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. पावसाळा संपेपर्यंत घास बंद, मग पाणीसुद्धा चमच्याने. जिने वीस वर्षं चवीची वकिली केली तिच्या घशालाच कुलूप… मला या योगायोगाचा इतका संताप आला की मी तिला भेटायला जाताना गाडीत दातओठ खात बसायचो. ती मात्र पहिल्याच भेटीत म्हणाली, "दार बंद झालं रे. पण खिडकी आहे ना! माझा वैद्य काय म्हणतो? प्राण वासावर पोसतो. आण काहीतरी."

मग मी वास पोचवणारा झालो. झाकणाच्या छोट्या बाटल्या घेतल्या. एकीत चुरडलेली कोथिंबीर, एकीत युझू या जपानी लिंबाची साल, एकीत भाजलेला चहा, एकीत जायफळ. ती डोळे मिटून एकेक हुंगायची आणि चेहरा उजळायचा. एके दिवशी म्हणाली, हिंग. मी पुण्याहून आलेला खडा हिंग नेला. दोन पिशव्यांत बांधला होता, तरी गाडीत माझ्या दोन्ही बाजूंची माणसं एक शब्द न बोलता उठून दुसऱ्या डब्यात गेली. हॉस्पिटलात तिने बाटलीचं झाकण काढलं, दीर्घ श्वास घेतला आणि "आई गं…" म्हणून रडायलाच लागली. पाच मिनिटांत नर्स धावत आली. नाक वर, चेहरा पांढरा. तिच्यामागे टोपी घातलेला एक माणूस, हातात यंत्र. गॅसगळतीचा संशय! तो यंत्र घेऊन खाटेखाली शिरला. मी बाटली मागे लपवून अत्यंत सभ्य जपानीत सांगितलं की हा आमचा मसाला आहे. नर्सने बाटलीकडे पाहिलं, मग सुमेधाकडे. "हे तुम्ही… खाता?" सुमेधाला असं हसू फुटलं की हसता हसता कळ आली आणि ती खाटेच्या कठड्याला घट्ट धरून वाकडी झाली. तो माणूस यंत्रासकट भिंतीला चिकटून उभा. मी पण.

कळ ओसरल्यावर, सगळे गेल्यावर ती म्हणाली, "खोटं असलं तर रे?"

"काय खोटं?"

"सगळं. दुखतं ना, तेव्हा त्या सगळ्या पंडितांचं एक वाक्यसुद्धा कामाला येत नाही. सद्गुणवाल्याचं नाही, स्वर्गवाल्याचं नाही. नुसतं दुखतं. मी वीस वर्षं काय केलं मग?"

लोकहो, माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला संवाद असतो. त्या वेळी हाताशी बाटल्या होत्या. मी जायफळाची बाटली उघडली आणि तिच्या नाकाशी धरली. तिने हुंगलं. "हं," ती म्हणाली, "एवढं मात्र आहे." आणि मग मूळ मुद्द्यावर आली, कारण सुमेधा मरणाच्या खाटेवरही मुद्दा सोडणारी नव्हती. "ऐक. मी माधवशी आयुष्यभर चुकीचं भांडले. तो सुखाच्या विरुद्ध नाहीये. त्याला वाटतं, सुख मागायचं नसतं. कुणी वाढलं तर घ्यायचं. आता वाढणारी जाणार. तो आपणहून काही मागणार नाही आणि 'काहीही चालतं' म्हणणाऱ्याला काहीही न खाणंही चालतं. तो असा हळूहळू विझेल आणि कुणाला कळणारही नाही, कारण तो कचरा वेळेवर टाकत राहील. तू त्याला जेवायला लाव. मला वचन नको, नाटक नको. लाव."

इथे दहनानंतर अस्थी घरची माणसं चॉपस्टिकनी वेचतात. दोघांनी मिळून एकच अस्थी धरायची आणि कलशात ठेवायची. मूलबाळ नव्हतं, भारतातून कुणी वेळेत पोचलं नाही. समोर माधवराव आणि अलीकडे मी. माझी पकड सुटत होती. "सावकाश," ते मला म्हणाले, "घाई नाही." त्या दिवसापासून त्यांनी चॉपस्टिक हातात धरलेल्या नाहीत. चमचाही जवळजवळ नाहीच.

तिने सांगितलं होतं तसंच, तंतोतंत घडायला लागलं. मी दर रविवारी जात होतो. घर लखलखीत, बाटल्या वेगळ्या, कागद वेगळा, जळणारा कचरा वेगळा. फ्रिजमध्ये कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या, दाबून चोखायच्या जेलीच्या पिशव्या ओळीने उभ्या. शेजारच्या मराठी घरांतून आलेले डबे फ्रीझरमध्ये गोठून दगड झालेले. माधवरावांचा पट्टा नवीन भोकावर गेला होता आणि ते भोक त्यांनीच, व्यवस्थित, मापाने पाडलं होतं. "जेवलात?" "हो." "काय जेवलात?" "होतं काहीतरी." मी नकला केल्या. मी चिडलो. मी बाहेरून बिर्याणी आणली, सुशी आणली, पुरणपोळी मागवली. ते माझ्यासमोर चार घास खायचे, "चांगलं आहे" म्हणायचे आणि पुढच्या रविवारी शर्ट आणखी सैल दिसायचा. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दाखल करावं लागेल. गेल्या महिन्यात एकदा त्यांनी मला दार उघडलं आणि मला क्षणभर सुमेधाच्या शेवटच्या दिवसांतले गालच दिसले. मी बूट काढायच्या पायरीवर तसाच बसून राहिलो. मला कळत होतं की हाही माणूस माझ्या हातून चाललाय, अगदी नम्रपणे, वेळेवर कचरा टाकत… आणि माझ्याकडे नकलांशिवाय काहीही नाही.

त्या दिवशी दुपारी मी सरळ तिच्या स्वयंपाकघरात शिरलो. मला स्वयंपाक येत नाही, हे नोंदवून ठेवतो. तुरीची डाळ कुकरला लावली. माधवराव टेबलाशी पेपर घेऊन बसले होते, शेजारी अर्धी चोखलेली जेली. ओट्याच्या विजेच्या शेगडीवर तिचं गोल बुडाचं कढलं तापत नाही, म्हणून त्यासाठी ठेवलेली गॅसची छोटी शेगडी काढली. कढलं उचललं तर ते माझ्या अपेक्षेपेक्षा जड होतं आणि मुठीपाशी तिच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. मी तेल ओतलं. मोहरी टाकली. पितळी डबी उघडली आणि तो वास आला… मी तिथेच तोंडावर हात ठेवून उभा राहिलो. चिमूट कढल्यात पडली की बाहेर सांडली, मला माहीत नाही. डोळ्यांत पाणी होतं, मोहरी उडत होती, धूर वर चालला होता आणि टोपीची आठवण मला राहिलीच नाही.

"काजी देस! काजी देस!"

ती छतातली बाई जीव तोडून किंचाळायला लागली. मी एका हातात कढलं आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन उड्या मारत होतो. माझा हात कुठला पोचतोय! शेवटी, काय करतोय हे कळायच्या आत, मी घशाच्या शिरा ताणून ओरडलो, "माधव, टोपी!" मी त्यांना आयुष्यात कधी एकेरी हाक मारलेली नव्हती.

खुर्ची सरकली. माधवराव आले. फ्रिजच्या वरून त्यांनी ती कॅप काढली, हात वर केले आणि भोंग्याला चढवली. भोंगा गुदमरल्यासारखा दोनदा बोलून गप्प झाला. कॅप लागली होती, तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत. डोळे मिटून ते तसेच उभे होते, ती फोडणी करायची त्या जागेच्या बरोबर मागे, नाक किंचित वर. कढल्यातला धूर त्यांच्या तोंडावरून जात होता. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि जवळजवळ रागाने ते बोलून गेले :

"हिंग कमी पडलाय!"